चोवीस किरणांचा सूर्य

अब्बा, आज शुक्रवार आहे. जुम्म्याची नमाज पढून घरी आलो, जेवलो, आणि टेबलावरचा कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. रविवारी सकाळी तो परत जायचा आहे. माझ्या दीर्घ निबंधाची ही छपाईपूर्वीची अखेरची मुद्रिते. विषय आहे कुर्दांचे स्वतंत्र राष्ट्र, आणि ते झालेच तर या साऱ्या प्रदेशाचे काय होईल. एकशे चाळीस पानांपैकी मला आज एकाच वाक्याशी मतलब आहे. ते पहिल्याच पानावर आहे आणि त्यात तुम्ही आहात. तुमचे नाव नाही, तुमचे-माझे नाते नाही. 'जेद्द्याच्या जुन्या बाजारातल्या एका भारतीय शिंप्याने' अशी त्या वाक्याची सुरुवात आहे. ते तसेच छापू द्यायचे की नाही, हे ठरवायला माझ्याजवळ उद्याचा दिवस आहे.

हे मी मराठीत लिहितो आहे. निबंध इंग्रजीत आहे, त्याचे अरबी भाषांतरही निघणार आहे. पण तुम्ही कुराणशरीफ सोडले तर मराठीच वाचत होतात, आणि तीही गावाहून येणाऱ्यांनी सामानाला गुंडाळून आणलेल्या वर्तमानपत्रांतली, महिना-दोन महिने शिळी. अग्रलेख मोठ्याने वाचायचात, आणि वाचून झाला की त्याच कागदातून बाहीचा नमुना कापायचात. माझे मराठी पुण्याच्या ग्रंथालयांत घडले, असे मी बरीच वर्षे लोकांना सांगत आलो आहे. ते त्याआधी तुमच्या कात्रीखाली घडले होते.

वाक्य चांगले आहे. मी वाईट वाक्य लिहीत नाही, आणि इतरांनी लिहिलेले खपवूनही घेत नाही. माझ्या हाताखालची माणसे यामुळे मला भितात, हे मला ठाऊक आहे. वाक्याचा आशय असा: त्या शिंप्याने कुर्दांच्या झेंड्यावरच्या सूर्याला एकवीसऐवजी चोवीस किरणे शिवली, कारण त्याच्या हाताला स्वतःच्या देशाच्या चक्रातल्या चोवीस आऱ्यांची सवय होती; आणि ज्या राष्ट्राला स्वतःचा शिंपी नाही, त्याची चिन्हे परक्यांच्या सवयींनी शिवली जातात. तीन आठवड्यांपूर्वी इथे, रियाधच्या एका परिसंवादात मी हे मोठ्याने वाचले तेव्हा सभागृह हसले होते. मागच्या रांगेतल्या एका मुत्सद्द्याने तर ते टिपून घेतले. मला फार बरे वाटले होते.

तुमचे दुकान जेद्द्याच्या जुन्या पेठेतल्या, बलदमधल्या अरुंद गल्लीत, लाकडी जाळीच्या खिडक्यांखाली. कागदोपत्री ते कफीलचे, व्हिसा देणाऱ्या अरब मालकाचे होते, हात तुमचे. आत दोन मशीन आणि इस्त्रीचे टेबल. बाहेर एक दगडी पायरी, जिच्यावर तुम्ही हातशिलाई घेऊन बसायचात. गल्लीतले बाकीचे शिंपी तोब, अरबांचे पायघोळ झगे, शिवत. तुम्ही यात्रेकरूंच्या टोळ्यांचे काम धरले होते. मक्केत लाखो माणसांच्या एकाच पांढऱ्या गर्दीत आपली म्हातारी माणसे हरवू नयेत म्हणून प्रत्येक टोळीप्रमुख काहीतरी खूण करून घेतो: बायकांच्या ओढण्यांवर झेंड्याचा तुकडा, पिशवीवर पट्टा, काठीला पताका. पन्नासएक देशांचे झेंडे तुम्हाला पाठ होते, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या राजधान्या तुम्हाला सांगता आल्या नसत्या. हे मी तुम्हाला एकदा सुनावलेही होते. मशीनवरून मान न उचलता तुम्ही म्हणालात, "राजधानीला टाका कुठं लागतो रे?" शेजारचा मलबारी दुकानदार, ज्याला मराठी कळत नव्हते, तोही तुमच्या सुरावरून हसला. मी हसलो नाही.

आपल्या टोळ्यांचे काम आले की मात्र तुम्ही मशीन बाजूला ठेवायचात. चक्र हातानेच. वर्तमानपत्राचा गोल कापायचा, त्याची अर्धी घडी, मग पाव, मग तिच्या तीन घड्या, मग पुन्हा एक. उलगडला की चोवीस रेघा अंगठ्याने दाबल्यासारख्या उमटायच्या. तो कागद कापडावर ठेवून खडूने टिपके. तुम्हाला कोन मोजता येत नव्हता आणि तुमचा आरा कधी चुकत नव्हता.

मी एकोणीस वर्षांचा होतो. राज्यशास्त्राचे दुसरे वर्ष संपवून, मक्केच्या छोट्या यात्रेच्या, उमऱ्याच्या व्हिसावर, सुट्टीत तुमच्याकडे आलो होतो. उमरा पहिल्या आठवड्यातच झाला. उरलेले दिवस मी दुकानात स्टुलावर बसून राष्ट्रवादावरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचत असे आणि त्याच्या समासात पेन्सिलीने लेखकाच्या चुका काढत असे. कॉलेजच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'वस्त्रोद्योग' असे लिहिले होते, हे तुम्हाला कधी कळले नाही. ते खोटे नव्हते. मी तेव्हाही खोटे लिहीत नसे; फक्त शब्द निवडून घेत असे.

तो मनुष्य एका सकाळी आला. भरघोस मिशा, ढगळ विजार, कमरेला गुंडाळलेले कापड. उत्तर इराकमधल्या डोंगराळ भागात तो शाळेत गणित शिकवत असे, आणि गावातली चाळीस वयस्क माणसे, त्यात स्वतःची आई, घेऊन उमऱ्याला आला होता. दोन दिवस बलदमधल्या स्वस्त हॉटेलात मुक्काम, तिसऱ्या दिवशी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतर बस मदिनेला, तिथून मक्का. त्याला चाळीस रुमाल हवे होते, पांढरे, वर लाल कड, खाली हिरवी, मध्ये पिवळा सूर्य. तुम्ही विचारलेत, इराकचा झेंडा तर माझ्याकडे आहे, तो का नको? त्याने सांगितले की तो आमचा नाही. मग तुमचा कोणता, असे विचारल्यावर त्याने पाकिटातून एक छोटा फोटो काढला: एका शाळेची भिंत, भिंतीवर झेंडा, झेंड्यातला सूर्य हरभऱ्याएवढा.

मी पुस्तक मिटले. मला राहवले नाही. इंग्रजीत, तेव्हाच्या माझ्या पुस्तकी इंग्रजीत, मी त्याला म्हणालो की असा देश अस्तित्वात नाही. त्याने माझ्याकडे वर्गातल्या आगाऊ मुलाकडे पाहावे तसे पाहिले आणि तुटक इंग्रजीत शांतपणे उत्तर दिले, "नाही ना. देश असता तर पासपोर्टावर भागलं असतं. झेंडा कशाला शिवून घेतला असता?" मग मी त्याला चार देशांची नावे मोजून दाखवली: तुर्कस्तान, इराक, इराण, सीरिया. चौघांच्या सीमा तुमच्या एका सीमेने मोडतील, समुद्र तुमच्या वाट्याला येणार नाही, तेल असले तरी नेणार कुठून. तो ऐकत होता. त्याची आई पायरीवर बसली होती. तिला यातले अक्षर कळत नव्हते, आणि ती माझ्याकडे पाहून कौतुकाने मान हलवत होती, कारण मुलगा मोठ्या पुस्तकातून बोलत होता.

तुम्ही मला मराठीत विचारलेत, काय सांगतोस त्याला एवढं? मी सांगितले, ह्यांना देश नाही आणि होणारही नाही, तरी ह्यांना झेंडा हवाय. तुम्ही सुईत दोरा ओवत होतात. "झेंडा हरवलेल्या माणसाला लांबून दिसायला असतो," तुम्ही म्हणालात. "म्हातारी हाय ती. हरवली तर?" आणि रुमालाचे कापड काढायला आत गेलात.

दोन दिवस तुम्ही तेच काम केलेत. सूर्याचा नमुना करायचा म्हणून तो फोटो तुम्ही दिव्याखाली धरलात, चश्मा कपाळावर नेलात, पुन्हा डोळ्यांवर आणलात. मग तो मलाही दाखवलात. त्यानंतर कागदाचा गोल, घड्या, खडू, आणि चाळीस रुमालांवर पिवळ्या रेशमी दोऱ्याचे चाळीस सूर्य. तिसऱ्या दिवशी जोहरच्या, दुपारच्या नमाजेआधी तो माणूस आईला घेऊन रुमाल न्यायला आला. त्याने पहिलाच उचलला, उजेडात धरला, आणि शिक्षकाच्या सवयीने बोट फिरवत मोजले. पुन्हा मोजले. मग आईच्या हातात दिला. तिने नखाने एकेक किरण टोचत मोजले, ओठ हलवत. चोवीस. त्यांचा सूर्य एकवीस किरणांचा असतो. त्यांच्या वर्षारंभाच्या दिवसाचा आकडा म्हणून तो एकवीस, असे त्याने समजावून सांगितले. रागाने नव्हे. त्याचा चेहरा मात्र उतरला होता. एवढ्या लांब येऊन, निदान एवढ्या एका ठिकाणी तरी सगळे बरोबर असेल, असे त्याला वाटले असावे.

तुम्ही रुमाल हातात घेतलात. माझ्याकडे पाहिले नाहीत. तुमच्या मोडक्या बाजारी अरबीत तुम्ही म्हणालात की चूक माझी, मोजताना मी चुकलो.

तो म्हणाला, "खलास, असू दे, हाजी." तुम्ही ऐकले नाहीत. नवे शिवायला वेळ नव्हता, म्हणून तुम्ही पायरीवर बसलात आणि ब्लेडच्या टोकाने प्रत्येक सूर्याची तीन-तीन किरणे उसवायला घेतलीत. उरलेली एकवीस सारख्या अंतरावर येणार नव्हती. जिथली तीन गेली तिथे मोकळी जागा राहणार होती, आणि कापडावर सुईची भोके. तुम्ही ते त्याला दाखवलेत, तो म्हणाला चालेल. म्हातारीने तुमच्या हातातून दुसरे ब्लेड घेतले आणि शेजारी बसून तीही उसवू लागली. थोड्या वेळाने ती काहीतरी बोलली आणि स्वतःच खुदखुदली. लेकाने अरबीत सांगितले, तुम्ही माझ्यासाठी मराठीत केले: ती म्हणतेय, आमच्या सूर्याचे पण दात पडले, माझ्यासारखे. आणि तिने तोंड उघडून समोरची खिंड दाखवली. तुम्ही एवढे हसलात की ब्लेड बाजूला ठेवावे लागले. असरची अजान झाली तेव्हा बहुतेक रुमाल उसवून झाले होते. पाच-सहा चोवीस किरणांचेच गेले. एक तुम्ही ठेवून घेतलात आणि त्याच्या बदल्यात साधा पांढरा रुमाल दिलात, तोही त्याला विचारून. कशासाठी ठेवलात, ते मी विचारले नाही. मी स्टुलावर बसलो होतो आणि पुस्तक माझ्या मांडीवर उघडे होते.

तीन वर्षांनी तुम्ही गेलात, गावी, आणि मी तेव्हा परदेशी विद्यापीठात होतो. मातीला पोचलो नाही. पुढे अम्मीने तुमची पत्र्याची पेटी उघडायला लावली तेव्हा तो रुमाल सापडला, कात्री आणि मापाच्या फितीखाली, घडी घातलेला. मी तो घेतला. अम्मीला वाटले, बापाची आठवण. आठवण होतीच. पण तेव्हा माझ्या प्रबंधाचा विषय ठरला होता, आणि रुमाल पाहताच माझ्या मनात पहिल्यांदा आले ते हे, की याचा कुठेतरी उत्तम उपयोग होईल.

झाला. गेली बारा वर्षे मी कुर्दांवर लिहितो आहे आणि त्या विषयातला चुकवता न येणारा माणूस समजला जातो. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहात त्यांना राष्ट्राची आशा दाखवली गेली आणि तीनच वर्षांनी झालेल्या दुसऱ्या तहात त्यांचे नावही उरले नाही, हे मी किती व्याख्यानांत सांगितले असेल. उत्तर इराकमध्ये त्यांनी सार्वमत घेतले तेव्हा मी आठवडाभर आधी लिहिले होते की कौल प्रचंड बहुमताने होईल आणि त्याचा उपयोग शून्य होईल. तसेच घडले. शेजाऱ्यांनी सीमा आवळल्या, विमाने थांबली, तेलाचे शहर काही आठवड्यांत बगदादने परत घेतले, आणि ज्या मोठ्या राष्ट्रांसाठी ते लोक लढले होते त्यांनी दुसरीकडे तोंड फिरवले. सीरियात त्यांनी उभारलेली स्वायत्तता आता दमास्कसच्या ताब्यात विरघळते आहे, तुर्कस्तानात शस्त्रे खाली ठेवण्याची भाषा चालू आहे. त्यांच्या स्वतःच्या घरातही दोन चुली आहेत. मी हे सगळे आधी ओळखले, आणि दर वेळी, खरे सांगायचे तर, मला समाधान वाटले. माणसे मरत होती, आणि माझे परिच्छेद खरे ठरत होते.

निष्कर्ष मी आजही बदलणार नाही. ते राष्ट्र उद्या जाहीर झाले तर तैग्रिस आणि युफ्रेटिसच्या पाण्यावर नवा वाद उभा राहील. तेहरान आणि अंकारा, ज्यांचे एरवी पटत नाही, या एका गोष्टीवर एकत्र येतील. इराक दुबळा झाला की त्याचा ताण या देशाच्या उत्तर सीमेवर येईल. हे सर्व मी पुराव्यानिशी मांडले आहे आणि मांडणीत खोट नाही. पण त्या एकशे चाळीस पानांत कुठेही हा प्रश्न नाही की तीन-साडेतीन कोटी माणसे गर्दीत एकमेकांना ओळखणार कशी. 'स्थैर्य' हा शब्द मी सहासष्ट वेळा वापरला आहे, आज मोजले. आणि प्रत्येक वेळी तो सरकारांबद्दल आहे. तुम्ही दोरा ओवता ओवता विचारलेत, हरवली तर? त्या प्रश्नाला माझ्या निबंधात प्रकरण नाही.

परिसंवादात पहिल्या रांगेत कुर्दांपैकीच एक वृद्ध प्राध्यापक बसले होते. मी शिंप्याचे वाक्य वाचले तेव्हा सगळे हसले, तेही हसले, जरा उशिरा. चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. मला वाटले, पाण्याच्या प्रकरणावर काही आक्षेप घेतील. मी उत्तर तयार ठेवले होते. त्यांनी विचारले, "तो शिंपी कोण होता?"

मी म्हणालो, बाजारातला कोणीतरी.

त्यांनी सांगितले की त्या दिवसांत आमचा सूर्य शिवायला पुष्कळजण नकार देत, उगाच भानगड नको म्हणून. मला म्हणाले, परक्या मुलखात एका परक्या माणसाने तो शिवला, चूक कळल्यावर बसून उसवला, ही गोष्ट तुम्ही हसण्यासाठी सांगितलीत, पण मला ती फार मोठी वाटली. तो हयात आहे का? मला त्याचे आभार मानायचे आहेत. उसवल्याचे मी निबंधात लिहिले नव्हते. वाचताना, लोक हसत होते म्हणून, तोंडी भर घातली होती.

"नसावा," मी म्हणालो. अब्बा, 'नाही' म्हणण्यासाठी ओळख असावी लागते. म्हणून 'नसावा'.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. ते उमऱ्यासाठी गेले होते आणि परतताना जेद्द्याला बलदमध्ये उभे होते. त्यांनी विचारले, गल्ली कोणती? ती गल्ली मला डोळे मिटून सापडेल. तुमच्या दुकानात आता कॉफीची जागा झाली आहे, जाळीच्या खिडक्यांना नवा रंग दिला आहे, पण पायरी तीच आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिच्यावर बसून महागडी कॉफी प्यालो होतो आणि कोणाला काही बोललो नव्हतो. त्यांना मी म्हणालो, सगळे बदलले आहे, सापडणार नाही. ते म्हणाले, हरकत नाही. "मी इथे बाजारातच उभा राहून फातिहा पढलो. नाव माहीत नव्हतं, म्हणून त्या शिंप्यासाठी, एवढंच म्हणालो. पोचेल ना?"

पोचेल, मी म्हणालो. त्यावेळी माझ्या टेबलाच्या खणात रुमाल होता, आणि भिंतीवर माझ्या तीन पदव्या.

तुमच्या कबरीवर मी आजवर दोनदाच गेलो आहे. त्या माणसाने परक्या बाजारात, पत्त्याशिवाय, नावाशिवाय तुमच्यासाठी दोन्ही हात उचलले. आणि ज्याच्याजवळ नावही होते, पत्ताही होता, त्याने फोनवर 'सापडणार नाही' म्हणून टाळले. लाज या शब्दावर मी विद्यार्थ्यांना कितीदा टोकले असेन, की हा भावनिक शब्द आहे, विश्लेषणात चालत नाही. मला आज दुसरा सापडत नाही.

म्हणून आज दुपारी पेन घेतले आणि पहिल्या पानावर 'एका भारतीय शिंप्याने' खोडून 'माझ्या वडिलांनी, जे जेद्द्याला शिंपी होते' असे लिहिले. दोन मिनिटांचे काम. लिहून झाल्यावर हलके वाटेल असे वाटले होते. वाक्य पुन्हा वाचले आणि ते पहिल्याहून वाईट झाले होते. आधी एका अनोळखी माणसाची चूक होती. आता चूक तुमच्या माथी नात्यानिशी बसली होती, हाताच्या सवयीच्या त्या सगळ्या चलाख सिद्धांतासकट; आणि जगभरच्या ग्रंथालयांत ती तशीच राहिली असती.

तुम्हाला ठाऊक आहे ते मी इथे लिहितो, कारण मी ते अजून कुठेच लिहिलेले नाही. तो फोटो तुम्ही दिव्याखाली धरलात, तुम्हाला किरणे मोजता येईनात, आणि तुम्ही तो माझ्यापुढे धरून म्हणालात, "तुझी नजर चांगली हाय. जरा बघून सांग, किती हायत?" मी प्रकरणाच्या ऐन मध्यात होतो. मी मान वर केली नाही. फोटोकडे पाहिले नाही. झेंडा, मध्ये गोल, आणि डोक्यात जो आकडा सर्वांत जवळ होता तो मी सांगितला: चोवीस. तुम्ही खूश झालात. म्हणालात, म्हणजे आपल्यासारखीच की, घडी घालून होईल. चोवीस ही सवय तुमच्या हाताची नव्हती. ती माझ्या शिकलेल्या डोक्याची होती. आणि तिसऱ्या दिवशी, त्या माणसासमोर, त्याच्या आईसमोर, तुम्ही ती चूक उचलून स्वतःच्या पदरात घातलीत, कारण मी त्यांच्याशी मोठ्या पुस्तकातून बोललो होतो आणि तुम्हाला माझी मान खाली जाऊ द्यायची नव्हती. बस गेल्यावर दुकान आवरताना तुम्ही एवढेच म्हणालात, "पुढल्या वेळी बघून सांग." मी हो म्हणालो, की नाही, मला आठवत नाही. पुढे कुर्दांवर लिहू लागल्यावरही बारा वर्षे मी न बघता सांगत राहिलो आणि लोक ते छापत राहिले.

मुद्रितात आता तो सिद्धांत नाही. त्याजागी लिहिले आहे की माझ्या वडिलांनी शिवले आणि किरणे मी मोजली होती, न पाहता. शेवटचा भाग पेन्सिलीने लिहिला आहे. रविवारी संपादक विचारेल, ह्याचा प्रादेशिक स्थैर्याशी संबंध काय. तोपर्यंत पेन्सिलीवर शाई फिरवायची आहे. प्राध्यापकांचा नंबर समोर आहे. त्यांना फोन लावलेला नाही.

हे पत्र घडी घालून त्या रुमालात ठेवणार आहे, म्हणून खणातून तो आत्ता बाहेर काढला. आणि लक्षात आले की इतकी वर्षे तो माझ्याजवळ आहे, त्याच्यावर मी व्याख्याने दिली, पण त्यावरची किरणे मी स्वतः एकदाही मोजलेली नाहीत. आज मोजली, त्या म्हातारीसारखी, नखाने. चोवीस आहेत, अब्बा. मी सांगितली तितकीच, सगळी सारख्या अंतरावर.